एकशे सतरावी ओटी

दोन हजार सालापासून बावीस वर्षं मी सातारा–खिरवंडी मुक्कामी गाडीवर कंडक्टर होतो. त्या बावीस वर्षांत गावच्या एकशे सतरा मुली माझ्या गाडीतून सासरी गेल्या. एकशे सोळा जणींच्या ओटीत भोवऱ्या होत्या.

हा आकडा कुठे लिहून ठेवलेला नाही. मोजायची खोड एकदा लागली की ती निवृत्त होत नाही, एवढंच. लग्नाला गेलो तरी मी पंगत मोजतो, मयताला गेलो तरी माणसं मोजतो, आणि कोण नुसतं तोंड दाखवून सटकला तेही बघून ठेवतो. माझी बायको कमल म्हणते, "तुमाला देवाच्या दारात उभं केलं, तर मागं वळून रांग मोजाल." मोजेनच. देवाला तरी कुठे वेळ आहे?

भोवरी म्हणजे आमच्या डोंगरावरचं झाड आणि त्याच झाडाचं फळ. शास्त्राच्या भाषेत ते ओक. ओक थंड मुलखातलं, हिमालयातलं. सह्याद्रीत नाही, असं पुस्तकं सांगत होती. आमच्या डोंगराने ती पुस्तकं वाचलेली नव्हती. खिरवंडीच्या माथ्यावर दोन किलोमीटर लांब आणि हाकेएवढ्या रुंद पट्ट्यात एका जातीचा ओक वाढतो, जो जगात दुसरीकडे कुठेही नाही. शास्त्रज्ञांना तो २०३४ साली सापडला. आमचा तो हरवलेलाच नव्हता.

फळ सुपारीएवढं, खाली टोक, वर खवल्यांची टोपी. टोपीचं देठ चिमटीत धरायचं आणि गरकन फिरवून देवळाच्या फरशीवर सोडायचं. आमचं सगळं लहानपण त्या फरशीवर गरगरत गेलं. टोप्या काढल्या की भातुकलीतल्या वाट्या. मार्गशीर्ष आला की पोरांचे खिसे फुगलेले, आणि शाळेत गुरुजींनी खडू उचलला की मागच्या बाकावरून घर्र घर्र आवाज. माझी भोवरी पस्तीस आकडे म्हणेपर्यंत फिरायची. धाकटी बहीण शालन, तिची बावन्न. तो विक्रम कोणी मोडला नाही. पुढे मोडणं शक्यच राहिलं नाही, कारण भोवऱ्या पोल निघू लागल्या. टरफल छान, आत गर नाही. पोल भोवरी दोन गिरक्या घेते आणि दारुड्यासारखी कलते.

डोंगरावर नारळ येत नाही. म्हणून आमच्याकडे लेकीच्या ओटीत खण, तांदूळ आणि पाच भोवऱ्या. त्याही देवळापुढच्या जुन्या झाडाच्या. त्याला आम्ही आई म्हणतो. लग्नंही मार्गशीर्षात, भोवरी पिकली की. आणि भोवरीचंच पान आमचं देवक, मांडवाच्या मेढीला बांधायचं. ज्यांचं देवक एक, त्यांची सोयरीक होत नाही. बाकी सगळ्यात गाव सवलत देईल, त्यात नाही.

२०४६च्या पौषात रेवा बापट नावाची वनस्पतिशास्त्राची बाई गावात आली. चौतीस वर्षांची, बोलणं भरभर, चालणं त्याहून भरभर. आमची झाडं वाळत होती. मुळांना काळी बुरशी लागली होती. एका वर्षात चार गेली, एकेचाळीस उरली. रेवाकडे पानाच्या डब्याएवढं एक यंत्र होतं, आणि त्यात ती खरोखरच पानं घालत असल्यामुळे गावाने पहिल्याच दिवशी त्याचं नाव पानडबा ठेवलं.

पानाचा तुकडा आत टाकला की डबा तो कुटतो, पेशींच्या आतली वंशाची लिपी वाचतो आणि आधी वाचलेल्या झाडांशी ताडून नातं सांगतो: आई, लेक, भाऊ, चुलत, की कोणीच नाही. पूर्वी या कामाला प्रयोगशाळा लागायची आणि दोन महिने. आता चहाला उकळी येईपर्यंत होतं. रेवाने आईचं पान घातलं. मग शेजारच्या झाडाचं. डबा म्हणाला, तेच झाड. तिसरं, तेच. संध्याकाळपर्यंत एकेचाळीस पानं झाली आणि एकेचाळीस वेळा डबा तेच म्हणाला. तिला वाटलं यंत्र बिघडलं. तिने आंब्याचं पान घातलं, आणि ते त्याने निमूट ओळखलं.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या मंडपात सभा झाली. सदतीस माणसं.

"ही एकेचाळीस झाडं नाहीत," रेवा म्हणाली. "एकच झाड एकेचाळीस ठिकाणी उभं आहे."

"मग?" एकनाथ गुरव खूश झाला. "आईच हाय ती! आमी तिच्याच मुळाचे फुटवे लावतो. माझ्या पणज्यापासनं. दुसरं कुठलं रोप उगवलं तर उपटून टाकायचं. आईच्या अंगणात परक्याचं बी नको."

रेवाने कपाळाला हात लावला नाही, पण हात तिथपर्यंत गेला होता. मी पाहिलं.

तिने सांगितलं ते असं. ओकचे पराग वाऱ्यावर उडतात आणि बायकी फुलावर पडतात. पण ते पराग आपल्याच झाडाचे आहेत हे फूल ओळखतं आणि दार लावून घेतं. बाहेरून फळ धरल्यासारखं दिसतं, आत गर धरत नाही. परक्या झाडाचे पराग मिळाले तरच बी जिवंत. शिवाय एकच झाड म्हणजे एकच प्रकृती. जी बुरशी एकाला मारते ती एकेचाळिसांना मारणार. आणि बी साठवावं म्हटलं, तर भोवरी काही ज्वारी नव्हे. वाळली की मेली, गोठवली तरी मेली. ओल्या मातीत असते तेवढीच जिवंत.

सभेला यातलं किती समजलं, देव जाणे. पुरुष मान हलवत होते, म्हणजे समजलं नव्हतं. तेवढ्यात बायकांच्या बाजूने आमची कमल म्हणाली, "म्हंजी एका देवकात सोयरीक होत न्हाई, तसंच की."

"देवक म्हणजे?" रेवाने विचारलं.

चार जणींनी एकदम समजावलं. रेवा हसली, "अगदी तसंच!" म्हणाली. सभाही हसली. मग हळूहळू हसू विरलं, कारण एकेकाच्या लक्षात येत गेलं. ज्या गावाने आपली लेक कधी एका देवकात दिली नाही, त्याने आपल्या देवकालाच चार पिढ्या भावकीत कोंडून ठेवलं होतं.

"आणखी एक," रेवा म्हणाली. "या मंडपाच्या नऊ खांबांचा चिमूटभर भुसा मी काल डब्यात घातला. लाकूड भोवरीचंच आहे. पण ही आई नाही. ही नऊ वेगवेगळी झाडं आहेत. कुठे होती ती?"

सदतीस माणसांनी आधी खांबांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"बांधावरची," मी म्हणालो. "एस.टी.च्या थांब्याजवळ. दोन हजार चारच्या माघात तोडली."

"का?"

"देवळाला खांब पायजे होते," एकनाथ म्हणाला. खोटं नव्हतं. सभेपुढे सांगण्याइतकंच खरं होतं.

रेवाने हिशेब मांडला. फाल्गुनात फुलोरा, तो जेमतेम आठ दिवस. पुढच्या फाल्गुनापर्यंत बुरशी थांबेल याची खात्री नाही. म्हणजे हाताशी दोन महिने आणि एकच संधी. त्या नऊ झाडांचा अंश असलेलं एखादं झाड कुठे जिवंत असेल, तर त्याचे पराग आणायचे. नसेल, तर ही जात खिरवंडीच्या डोंगरावर संपली, म्हणजे जगातच संपली.

"आमच्या लेकींच्या ओटीत..." मी म्हणालो, आणि रेवाने माझा दंडच धरला. आईच्या भोवऱ्या तेव्हा फिरत होत्या. म्हणजे बांधावरचे पराग त्यांत होते. अर्धं परकं तरी चालेल, ती म्हणाली. काका, त्या मुली कुठे कुठे गेल्या?

हे विचारायला तिला जगात माझ्याइतका योग्य माणूस मिळाला नसता. मी डोळे मिटले. वर्ष, सीट, सासरचं गाव. फोन सुरू झाले. पोल भोवऱ्यांच्या वर्षांतल्या लेकीही सोडल्या नाहीत, चुकून एखादी भरलेली गेली असली तर.

ओटीतल्या भोवऱ्यांचं सासरी काय काय होतं, हे मला त्या आठवड्यात कळलं. कराडची वैजयंता म्हणाली, "जपून ठेवल्यात की रं दादा! ट्रंकेत, रेशमी चिंधीत गुंडाळून. त्रेचाळीस वर्षं झाली, एकीलाबी भोक न्हाई." मी आभार मानले, रेवाने मान फिरवली. इस्लामपूरच्या सुमनने सासूच्या डोळ्यांदेखत अंगणात लावल्या होत्या आणि सासूने सुनेच्या डोळ्यांदेखत त्यावर उकळतं पाणी ओतलं होतं. कोणाच्या उन्हाने जळल्या, कोणाच्या शेळीने खाल्ल्या. पुण्याच्या छबूने मात्र किंकाळी फोडली: "माझं झाड हाय!" आम्ही धावत पुण्याला गेलो. तिसाव्या मजल्यावरच्या गच्चीत, कुंडीत, गुडघ्याएवढं झाड. पानडबा म्हणाला, आईची लेक. रेवाने त्याला हात जोडले. चव्वेचाळीस वर्षांचं होतं ते. पुण्याच्या उकाड्यात तगलं होतं, पण फुललं एकदाही नव्हतं.

घरी आल्यावर कमलने पाण्याचा तांब्या ठेवला.

"किती झाल्या?"

"एकशे सोळा."

"म्होरचा नंबर लावा की."

"तिची ओटी कुणी भरली नव्हती," मी म्हणालो.

"भरली नव्हती. पर रिकामी गेली का, ते तुमी बघितलं असंल. तुमी सगळं बघता."

बघितलं होतं.

दोन हजार तीन, मार्गशीर्ष, सकाळचे सहा. घाटातून धुकं वर येत होतं. ड्रायव्हरने इंजिन गरम करायला लावलं होतं. थांब्याशी शालन, हातात एक पिशवी. मी तेव्हा पंचवीसचा, ती एकवीसची. गाडीत चढण्याआधी ती मागे वळली, बांधावर ओणवी झाली, गवतातून काहीतरी वेचलं आणि पदरात गाठ मारली. मग चढली.

"कुठे?" मी विचारलं. सख्ख्या बहिणीला.

"महाबळेश्वर."

"एक का दोन?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "दोन."

पुढच्या थांब्यावर आखाडे गावचा सदाशिव कळंबे चढणार हे मला तिथेच कळलं. माळीकाम करणारा, सरळ मुलगा. दोष एकच, त्याच्याही घरचं देवक भोवरीच. आठवडा बाजाराला येता-जाता थांब्यावर, त्या नऊ झाडांच्या सावलीत, दोघांचं जमलेलं. मी दोन तिकिटांना भोकं पाडली. "पुढं सरका," म्हणालो. दोरी दोनदा ओढली, टण टण, आणि गाडी सुटली. भावाने बहिणीची केलेली पाठवणी ती एवढीच.

पुढच्या मार्गशीर्षात भोवऱ्या पोल निघाल्या. गावाने कारण लगेच शोधून काढलं: उतेकरांची शालन देवकात गेली, म्हणून देवक पोल झालं. हे मी गाडीत शंभरदा ऐकलं. शंभरदा तिकिटं फाडत राहिलो.

आमच्या माथ्यावरून रात्री महाबळेश्वरचे दिवे दिसतात. मध्ये दरी आणि बेचाळीस वर्षं. रेवाच्या गाडीने अडीच तासांत पोहोचलो.

महाबळेश्वरच्या अलीकडे एका बंगल्याच्या मागे माळ्याचं घर. ओट्यावर सदाशिव खुर्चीत, गुडघ्यांना तेल चोळत. शालन चुलवणावर पाणी तापवत होती. पाठमोरीच ओळखली, खांदे आमच्या आईचे. तिने वळून पाहिलं, हातातलं लाकूड शांतपणे आत सारलं आणि म्हणाली, "मास्तर, आज गाडी हिकडं कशी वळली?"

"आलो सहज."

"सहज! बेचाळीस वर्षं सहजच आला नाहीस, तसा व्हय?"

"बसा मेव्हणे," सदाशिव म्हणाला. "का उभ्यानंच परवासाची सवय हाय?"

रेवाला धीर नव्हता. ती घराच्या मागे धावली, आणि तिची हाक ऐकू आली. मी गेलो. उतारावर दोन मजल्यांएवढं झाड, खोड माझ्या कवेत न मावणारं, आणि फांद्यांच्या टोकांना फुलोऱ्याच्या बारीक कळ्या.

"पाच लावल्या," शालन मागून येत म्हणाली. "तीन उगवल्या, एक ऱ्हायलं. ह्यांनी पाचट घालून जगवलं. फळ धरतं, पर पोल. बंगल्याची बाई म्हणायची, बिनकामाचं झाड, काढून टाक. म्हटलं, माहेरचं दुसरं हाय काय माझ्याकडं?"

डब्याने चहाला उकळी येईपर्यंत वेळ घेतला. आईशी नातं: नाही. मग रेवाने दुसरी यादी लावली. खांब क्रमांक चार: जन्मदात्री.

रेवा मातीतच बसली. "पूर्ण परकं," ती म्हणाली. तिच्या तोंडी तो शब्द एवढा गोड लागत होता की तिला तशीच गावच्या सभेत नेऊन उभी करावीशी वाटली. "काका, पूर्ण परकं!"

"खांब?" शालन म्हणाली. "कसला खांब?"

तिला ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं, कोणीतरी सांगितलं असेल. वाईट बातमी पोचवायला आमच्याकडे माणसांची कधी वाण नसते. पण ही बातमी गावाच्याच तोंडाला काळं फासणारी होती.

"बांधावरची झाडं," मी म्हणालो. "तू गेलीस त्याच्या पुढच्या माघात. नवाच्या नऊ. जिथं तुमचं जमलं ती सावलीच नको म्हणून."

"कुणी?"

"करवतीला दोन टोकं असतात, शालन. एका टोकाला आपले वडील होते."

सदाशिव ओट्यावरून उठून, काठी टेकत, घराच्या कडेपर्यंत येऊन थांबला होता. रेवाने डब्याचं झाकण उगाच उघडलं आणि लावलं. मग शालनने तिलाच विचारलं, मला नाही: "बाई, भोवऱ्या पोल कशानं झाल्या मग?"

रेवाने सांगितलं. आईला परके पराग मिळायचे ते त्या नऊ झाडांचे. ती तोडली आणि आई एकटी पडली.

"माज्यामुळं न्हाई?"

"तुमच्यामुळे कशा होतील, मावशी?"

शालन खाली बसली. "आमाला निरोप यायचे," सदाशिव माझ्याकडे न बघता म्हणाला. "तुमच्यापायी देवक पोल झालं म्हनून. मी हसण्यावारी न्यायचो. हिनं हसण्यावारी नेलं न्हाई. पोराच्या लग्नात मेढीला पान बांधू दिलं न्हाई हिनं. म्हणाली, आपल्या हातचं न्हाई चालायचं त्याला."

"चुलत्याची पोरगी बाळंतपणात गेली, ते बी माज्यामुळं वाटलं," शालन म्हणाली. "बेचाळीस वर्षं रं दादा. आन् तू करवत धरून हुतास, तुला तरी वाटलं नसंल का, की झाडं तोडली नि भोवरी पोल झाली, ह्या दोन गोष्टी लागून आल्या?"

सगळं मोजणाऱ्या माणसाला हे दोन आकडे शेजारी मांडता आले नव्हते. खरं म्हणजे मांडायचे नव्हते. मी तिला तसं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. माफ केलं असं म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही.

निघताना ती रेवाला म्हणाली, "फुलोरा न्या. लागंल तेवढा न्या. पर माझी ओटी भरायची. आईच्या दारात. पाच भोवऱ्या, पोल न्हाईत, फिरणाऱ्या. तवर मी तिकडं पाय ठेवत न्हाई."

"मावशी, पहिल्या वर्षी दहा-बारा धरल्या तरी नशीब. एकेक बी म्हणजे..."

"मग पाच माज्या."

रेवाने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणालो. त्या बियांवर माझा काडीचाही अधिकार नव्हता, पण कंडक्टर सीट रिकामी आहे की नाही हे न बघताच तिकीट फाडतो कधी कधी.

फाल्गुनात पराग बर्फाच्या डब्यातून आले. पिवळी पूड, चमचाभर. एकनाथ गुरवाने देवळाच्या पायरीवर हात पसरले. "त्या झाडाचं आईवर? हे चालायचं न्हाई. कुळाला बाट लागंल."

"भावजी," कमल म्हणाली, "तुमची सून कुठली?"

"वाईची."

"लांबनं आणली ना? घरातली का न्हाई केली?"

आजूबाजूला सतरा माणसं होती, सतराही हसली. एकनाथ स्वतः सर्वांत शेवटी हसला, पण हसला. दुसऱ्या दिवशी आईच्या खालच्या फांदीला कोणीतरी हळदीचा दोरा बांधलेला दिसला. कोणी ते मी बघून ठेवलंय, सांगणार नाही. एकनाथला लाज वाटेल.

रेवाने शिडीवर चढून मऊ कुंचल्याने एकेका फुलाला पराग लावले, वर कागदी पिशव्या बांधल्या. फुलं तीनशे बारा. पावसाळ्यात आईची दक्षिणेकडची बाजू वाळली, पानं गळाली. आश्विनात तीनशे बारांतली अठ्ठावन्न उरली. कार्तिकअखेर पिशव्या उतरवून रेवाने भोवऱ्या पाण्याच्या बादलीत टाकल्या. पोल त्या तरंगतात. बुडाल्या अकरा.

"काका, अकरातल्या पाच?" ती म्हणाली. रागावली नव्हती, रडकुंडीला आली होती. "संस्थेत काय सांगू मी?"

"सांगा, कंडक्टरने आधीच तिकीट फाडलं होतं."

मार्गशीर्षात पहिल्या गुरुवारी सकाळची गाडी आली. आता ती विजेवर चालते, आवाज नाही. ड्रायव्हर नाही, कंडक्टर तर नाहीच. दार आपोआप उघडलं आणि शालन उतरली. हिरवं लुगडं. थांब्यापाशी थांबून तिने बांधाकडे पाहिलं. नऊ बुंधे गवतात अजून ओळखू येतात. तिने मोजले, ओठ हलताना दिसले. आमच्या घराण्याचीच खोड.

आईच्या पारावर पाट मांडला. कमल या घरात आली ती नणंद गेल्यावर. दोघींनी एकमेकींना आज पहिल्यांदा पाहिलं. "चाळीस वर्षं झाली मला," कमल कुंकू लावत म्हणाली, "एकदा नणंदेची ओटी भरायला मिळाली न्हाई. लोकांच्या भरून भरून हात दुखले." खण, तांदूळ, आणि पाच भोवऱ्या. एकेक पदरात पडताना बायका मोजत होत्या, मी मोजत होतो, आणि मला वाटतं रेवा श्वासच घेत नव्हती.

शालनने त्यातली एक उचलली. देवळात गेली. चौथ्या खांबाला एक हात टेकून खाली बसली आणि चिमटीत देठ धरून गरकन सोडली.

भोवरी उभी राहिली. फरशीवर तो आवाज, जो या गावाने बेचाळीस वर्षं ऐकला नव्हता. म्हातारे बाहेरून आत आले. एकोणीस आकड्यांपर्यंत फिरली, मग हळूच कलली.

"एकोणीस," मी म्हणालो.

"वली हाय अजून," शालन म्हणाली. "वाळली की बघ, पन्नास जाईल."

"वाळू देऊ नका!" रेवा किंचाळली.

शालनने पिशवीतून डबा काढला. आत ओलं शेवाळ, नीट दाबून भरलेलं. "न्हाई वाळू देत, बाई. ह्यांनी दिलंय. माळी हाईत ते." पाचही भोवऱ्या शेवाळात गेल्या. रेवा त्या डब्याकडे बघत राहिली.

"तिकडच्या मातीत बुरशी नाही," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "सगळ्या अकरा इथेच ठेवल्या असत्या तर..."

"आमी लेकी लांब का देतो, ते आज कळलं व्हय तुमाला?" कमल म्हणाली.

तीनला परतीची गाडी. शालन खिडकीशी बसली, मांडीवर डबा. मी खाली उभा. दार मिटलं, गाडी तशीच उभी, कुठल्या तरी दूरच्या घड्याळाची वाट बघत. मला बोलायचं होतं ते बेचाळीस वर्षांचं होतं आणि वेळ मिनिटभराचा होता, म्हणून मी म्हणालो, "पुढच्या गुरुवारी येशील?"

तिने काच सरकवली.

"मास्तर," ती म्हणाली, "बेल दे की."

या गाडीला दोरी नाही. मी तळहाताने पत्र्यावर थाप मारली. एक. मग दुसरी.

गाडी निघाली. तिच्या तिच्या वेळेलाच निघाली असणार. त्या यंत्राला माझी थाप काय कळते? पण निघाली ती दुसऱ्या थापेनंतर. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी उभा होतो.

एकशे सतरा.